गाठायचं वजन

४ ऑक्टोबर

आलो एकदाचा. मुलीनं हात धरून जिना चढवला, जावयानं बॅग कॉटखाली सरकवली आणि दोघं निघून गेली. जाताना मुलगी म्हणाली, घाबरू नका. मी घाबरलेलो नव्हतो. घरचा गॅस बंद केला का, एवढंच चार वेळा विचारलं होतं.

जागा छान आहे. दुमजली इमारत, स्वच्छ फरशी, प्रत्येक खोलीत दोन कॉट आणि एक टेबल. वजन कमी करायला माणसं इथे येतात आणि चाळीस दिवस राहतात. आम्ही सगळे मिळून सतरा जण आहोत. माझ्या खोलीत एक शिंपी आहे, त्याला मास्तर म्हणतात. दुकान मुलाला दिलं, पण टेप दिला नाही, तो अजून गळ्यातच असतो. मी काय करायचो असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, वजनकाट्यावर होतो, ट्रक तोलायचा. तेव्हापासून तो मला काटेवाले म्हणतो.

माझे दोन्ही गुडघे गेले आहेत. सर्जन म्हणाले, ऐंशी किलोच्या आत या, मग गुडघे बदलू. मी चौऱ्याण्णव पूर्णांक सहा. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. गुडघे झाले तर मी तिच्याकडे राहायला जाणार. नाही झाले तर काय, ते ती बोलत नाही. पण जावयाच्या गाडीत मी एका वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक पाहिलं आहे. त्यावर एक म्हातारा बाकावर बसून हसत होता. कशाला हसत होता कोण जाणे.

खाली ऑफिसात वजन घेणाऱ्या बाईनं माझं कार्ड भरलं. तिला सगळे काटेबाई म्हणतात. शांत बाई, सुरेख अक्षर. माझा चष्मा बॅगेत राहिला होता, म्हणून ती वाचत गेली आणि मी हो हो म्हणत गेलो. शेवटी एक रकाना रिकामा राहिला. तो मोठे डॉक्टर आले की भरतील, असं ती म्हणाली. मला रिकामा रकाना बघवत नाही. छत्तीस वर्षं आमची पद्धत होती: भरलेली गाडी तोलली की पुढच्या रकान्यात लगेच शून्य टाकायचं, म्हणजे मधल्या वेळात कोणी मनाचा आकडा घुसडू शकत नाही. गाडी खाली होऊन आली की नव्या ओळीवर लिहायचं. मी तिच्या हातातून पेन घेतलं, शून्य टाकलं, शेजारी सही केली. तिनं विचारलं, नक्की ना. मी म्हटलं, बाई, शाईच्या आकड्यावर खाडाखोड होऊ द्यायची नाही, मालकाचा बाप आला तरी. तिला ते आवडलेलं दिसलं.

ही वही इथलीच. रोज वजन, खाणं आणि मन कसं आहे ते लिहायचं. मी सहावीपर्यंतच शिकलो, पण नोंद ठेवायला मला सांगावं लागत नाही.

मन बरं आहे. खिडकीची खिटी जरा सैल वाटते.

५ ऑक्टोबर. वजन ९४.२

सकाळी साडेसहाला सगळे खालच्या हॉलमध्ये रांगेत उभे. मधोमध काटा. लोखंडी पाट आणि वर सरकणारं वजन, जुन्या पद्धतीचा. मी आधी रिकामा काटा बघून घेतला. शून्यावर अगदी स्थिर होता. काटेबाईला म्हटलं, काटा खरा आहे. ती म्हणाली, हो, फार खरा आहे.

एकेक जण चढतो, बाई आकडा मोठ्यानं वाचते आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. भिंतीवर मोठा कागद लावला आहे. त्यावर प्रत्येकाची एक रेघ, प्रत्येकाचा वेगळा रंग. माझी तपकिरी. टाळ्या ऐकून लाज वाटली, पण बरंही वाटलं. नोकरीत छत्तीस वर्षांत कोणी माझ्यासाठी टाळी वाजवली नव्हती.

सूप, उकडलेल्या भाज्या, एक अंडं, एक सफरचंद. भूक आहे. मन बरं.

९ ऑक्टोबर. वजन ९२.८

नाश्त्यानंतर अर्धा तास बैठक असते. काटेबाई सांगते की आरशात बघू नका, आकडा बघा. आरशानं हिरमोड होतो, आकड्यानं उमेद येते. बरोबर आहे. मी आयुष्यभर तेच केलं. ट्रक किती का भरलेला दिसेना, ड्रायव्हर किती का शपथा घेईना, काटा म्हणेल ते खरं.

मास्तर गमत्या आहे. सूपच्या वाटीत टेप बुडवून म्हणाला की खोली दोन इंच, यात कोणाचं पोट भरायचं. मी फार हसलो. मग ठसका लागला आणि वाटलं, आता काही खरं नाही. पण ठीक झालं.

मोठे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात असं कळलं. मधल्या काळात कोणाला काही झालं तर काय करतात, हे विचारायचं राहिलं.

१४ ऑक्टोबर. वजन ९०.४

चार किलो उतरले. मुलीनं रविवारी ऑफिसातल्या फोनवर विचारपूस केली होती. येत्या रविवारी तिला सांगीन. मोबाइल इथे ठेवून घेतात.

मास्तरनं सहज माझी कंबर मोजली. बेचाळीस इंच. आलो त्या दिवशीही त्यानं मोजली होती, तेव्हाही बेचाळीसच. त्याचे स्वतःचे दोन किलो उतरले, तर कोट एक इंच सैल झाला. माझे चार उतरले आणि पट्ट्याचं भोक तेच. तो म्हणाला, "काटेवाले, वजन तुमचं उतरतंय की काट्याचं?"

मला राग आला. काटा खोटा असता तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी त्याला म्हटलं, तुझा टेप ओढला की वाढतो, काटा ओढून वाढत नाही. तो हसला, पण नंतर बराच वेळ टेपकडे बघत होता.

१९ ऑक्टोबर. वजन ८६.५

गुडघे दुखत नाहीत.

हे पुन्हा लिहितो. गुडघे दुखत नाहीत. सकाळी जिना उतरताना कठड्याला हात लावला नाही. खाली पोचल्यावर लक्षात आलं की हात लावला नाही. मी परत वर गेलो आणि परत खाली आलो. काटेबाई बघत होती. टाळ्या आज जास्त वेळ वाजल्या.

कॉट कुरकुरायची ती थांबली. मास्तर म्हणतो की तुम्ही कॉटवर बसला आहात की नुसते टेकला आहात.

खाणं तेच. मन फार चांगलं आहे. इतकं चांगलं की भीती वाटते.

२३ ऑक्टोबर. वजन ८१.९

दुपारी गच्चीपर्यंत गेलो. मग खाली येऊन परत गेलो, म्हणजे मुलीच्या तिसऱ्या मजल्याएवढे जिने झाले. दम लागला नाही. वर उभं राहून रडू आलं. मी तिच्याकडे राहीन, नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जाईन, आणि त्या बाकावरच्या म्हाताऱ्याला म्हणावं, हास बाबा तू.

एक गोष्ट झाली. स्वयंपाकघराबाहेर कचऱ्याचा डबा आहे, पायानं दाबला की झाकण उघडतं. मी सफरचंदाचा गाभा टाकायला पाय दाबला. उघडलं नाही. दोन्ही पायांनी उभा राहिलो तेव्हा उघडलं. डबा बिघडला असेल म्हणून आचाऱ्याला सांगितलं. त्यानं एका बोटानं दाबला आणि तो उघडला.

कंबर बेचाळीस.

२५ ऑक्टोबर. वजन ७९.६

ऐंशीच्या आत आलो. फोनवर मुलगी रडली, मीही रडलो. जावई मागून अभिनंदन म्हणाला. सर्जनची तारीख चौदा नोव्हेंबरची मिळते आहे. ती म्हणाली, उद्याच न्यायला येऊ का.

मीच थांबवलं. मी म्हटलं, चाळीस दिवस पुरे होऊ देत. दोन-चार किलो आणखी उतरले तर हाताशी असलेले बरे, काट्यात नेहमी थोडी सूट धरावी. ती म्हणाली, बरं, तेरा तारखेला येते, दोन-तीन वाजेपर्यंत.

फोन ठेवताना काटेबाई शेजारीच उभी होती. म्हणाली, छान केलंत, अजून पुष्कळ बाकी आहे.

पुष्कळ म्हणजे किती, हे विचारायला हवं.

२७ ऑक्टोबर. वजन ७४.८

दोन दिवसांत पावणेपाच किलो. काल मी मुद्दाम दोनदा जेवलो. मास्तरनं त्याचं अंडंही मला दिलं.

बैठकीनंतर भिंतीवरचा कागद जवळून बघितला, चष्मा लावून. प्रत्येकाच्या रेघेपुढे पेन्सिलीनं फिके ठिपके काढले आहेत, जायचं आहे तिथपर्यंत. मास्तरचे ठिपके बहात्तरला थांबतात. त्याच्याखालच्या बाईचे अडुसष्टला. माझे खाली जातात, कागदाच्या तळाच्या रेघेला टेकतात. तिथे लिहिलं आहे, तेरा नोव्हेंबर.

ऑफिसात जाऊन माझं कार्ड मागितलं. तिनं लगेच दिलं. त्या शेवटच्या रकान्यावर छापलं आहे, गाठायचं वजन. खाली माझं शून्य. शेजारी माझी सही.

मी हसलो. समजावून सांगितलं, ट्रकची पद्धत, शून्य म्हणजे अजून लिहायचं आहे, एवढंच. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. म्हटलं, तिथे अठ्ठ्याहत्तर करा. तिनं कार्ड फाइलमध्ये परत ठेवलं.

ती म्हणाली, "खाडाखोड चालत नाही, काका. तुम्हीच सांगितलं होतंत."

२८ ऑक्टोबर. वजन ७१.३

असं कसं होईल. माणसाचं वजन शून्य होत नाही. गाडी कितीही खाली केली तरी गाडीचं वजन उरतंच. चाकं असतात, पत्रा असतो. मला माहीत आहे. मी छत्तीस वर्षं तेच लिहीत आलो.

मास्तरला सगळं सांगितलं. त्यानं टेप काढला, छाती, कंबर, मांडी, मनगट मोजलं. चार तारखेचे आकडे त्याच्या लक्षात होते. एक सूतही फरक नाही. त्यानं टेप गुंडाळून खिशात ठेवला. आज पहिल्यांदा त्याच्या गळ्यात टेप नव्हता.

म्हणाला की उद्या काट्यावर चढूच नका. पण रांगेत काटेबाई हाताला धरते. तिनं धरलं की माणूस जातोच.

३० ऑक्टोबर. वजन ६२.०

मास्तरनं काल दिवसभर बसून माझ्या कोटाच्या अस्तरात खडे शिवले. बागेतले गोल खडे, प्रत्येकाला वेगळा कप्पा, टीप इतकी बारीक की बाहेरून दिसू नये. स्वयंपाकघरातल्या तराजूवर कोट साडेतीन किलो भरला. मी तो घालून काट्यावर चढलो.

बासष्ट. रेघ ठिपक्यांवरून जराही हलली नाही.

वर येऊन कोट काढला आणि मास्तरच्या हातात दिला. त्यानं घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. अस्तर उसवून एक खडा काढला, तळहातावर ठेवला, फुंकर मारली. खडा कॉटखाली गेला.

त्यानं मला विचारलं की तुम्ही नातीला उचलून घेता का.

३१ ऑक्टोबर. वजन ५७.४

निघून जायचं ठरवलं. न्याहारीनंतर, सरळ फाटकातून, कोणी अडवत नाही.

मुख्य दाराला स्प्रिंग आहे. मी ढकललं तर दार तसंच राहिलं आणि मी मागे सरकलो. मास्तरनं उघडून धरलं. बाहेर ऊन होतं, रस्ता मोकळा होता. फाटकातून दहा पावलं गेलो असेन. समोरून ट्रक आला. रिकामा होता, आवाजावरून मला कळतं. तो जवळून गेला आणि त्याच्या वाऱ्यानं मला उचलून कुंपणावर नेऊन आपटलं. लागलं काहीच नाही. आपटायलासुद्धा वजन लागतं.

मास्तर धावत आला आणि मला काखेत धरून आत घेऊन आला. वाटेत एकदाही थांबला नाही, एकदाही हात बदलला नाही.

१ नोव्हेंबर. वजन ५२.९

रविवार. फोन. मुलीला सगळं सांगितलं, शून्याचं, कंबरेचं, ट्रकचं. ती ऐकत होती. मग तिनं हळूच विचारलं की बाबा, गोळ्या वेळेवर घेता ना.

मला तिचा दोष दिसत नाही. मी तिला पाण्याच्या टाकीसाठी ऑफिसातून घरी बोलावलं आहे. पंखा पडेल म्हणून जावयाला कॉट हलवायला लावली आहे. काहीही झालेलं नव्हतं. आता झालं आहे, तर माझा आवाज तोच आहे.

मास्तरनं फोन घेतला. त्यानं सांगितलं तेव्हा ती हसली. मला ऐकू आलं. म्हणाली की बाबांना जोडीदार मिळाला वाटतं, दोघं मिळून काळजी करा. तेरा तारखेला येतेच आहे.

परवा मोठे डॉक्टर येणार. त्यांच्या हातात आहे.

३ नोव्हेंबर. वजन ४३.५

डॉक्टर आले. उंच, घाईतले. कागदाजवळ उभे राहून त्यांनी माझी तपकिरी रेघ बोटानं खालपर्यंत दाखवली आणि सगळ्यांना म्हणाले, याला म्हणतात निश्चय. मी बोलायला लागलो. त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि मी सगळाच हलत होतो. त्यांना ते दिसलं. मी शपथेवर सांगतो, त्यांना दिसलं.

म्हणाले, आकडा तुमचा, सही तुमची. आम्ही फक्त साथ देतो.

५ नोव्हेंबर. वजन ३३.२

लहान मुलाला आणतात तसं काटेबाई बोट धरून काट्यावर आणते. मग टाळ्या. पंधरा-सोळा माणसं एकदम टाळ्या वाजवतात आणि त्या टाळ्यांचा वारा लागतो. आज मी काट्याच्या दांड्याला धरून राहिलो. वाजवणारी माणसं चांगली आहेत. त्यांना खरंच आनंद होतो. त्यांना फक्त आकडा दिसतो.

ओल्या फरशीवरून चाललो. मागे वळून बघितलं. पावलं उमटली नव्हती.

६ नोव्हेंबर. वजन २९.०

मास्तर गेला. काल त्याचे बहात्तर झाले. आकडा गाठला की राहू देत नाहीत. मुलगा न्यायला आला होता. त्यानं मुलाला सांगितलं असावं, कारण मुलगा माझ्याकडे न बघता बॅगा उचलत होता.

जाण्याआधी मास्तरनं माझ्या जुन्या चादरीचा रुंद पट्टा शिवला, बक्कल लावून. मला कॉटला बांधून बघितलं. सैल नको, घट्ट नको, शिंप्यासारखं दोन बोटं घालून बघितलं. म्हणाला, "काटेवाले, हा सोडायचा नाही. मुलगी येईपर्यंत सोडायचा नाही."

मग माझ्या खांद्यावर हात ठेवणार होता. ठेवला नाही. बरं केलं.

८ नोव्हेंबर. वजन १९.१

फोनपर्यंत गेलो नाही. मुलगी काटेबाईशी बोलली. बाबा मजेत आहेत, झोपले आहेत, असं तिला सांगितलं. काटेबाईनंच येऊन मला हे सांगितलं. खोटं बोलल्याचं तिच्या मनातही नव्हतं.

तिनं पंखा लावला. मी ओरडलो. तिनं बंद केला. म्हणाली, उमेद सोडू नका. थोडंच राहिलं.

१० नोव्हेंबर. ९.४

पेन उमटत नाही. दाबायला माझ्यात — पेन्सिल घेतली. तीही फिकी. नीट लिहितो, दोनदा गिरवतो.

दिसायला मी तोच. आरशात बघितलं. पोट, गळा, सगळं तेच. मुलगी आली तर म्हणेल, काय हो बाबा, काहीच उतरलं नाही.

दोन लिटर पाणी प्यालो. काही नाही. पाणीसुद्धा —

११ नोव्हेंबर. ५.८

खोकला आला तर सरकतो. पट्टा आहे. मास्तरचा पट्टा आहे.

मुलीला काय सांगायचं ते पाठ करतो आहे. पहिलं, दार लावून घे. दुसरं, मला घट्ट धर. गुडघे नकोत. सर्जन नको. वृद्धाश्रम चालेल. बाक चालेल. कुठेही, फक्त बांधून —

१२ नोव्हेंबर. २.३

अंघोळ नको म्हटलं. बादलीची भीती नाही. टॉवेल झटकतात त्याची —

उद्या. फक्त उद्या दुपारपर्यंत.

१३ नोव्हेंबर

सकाळी पाटावर उभं केलं. बाईनं बोट सोडलं. वरचं वजन तिनं शून्यावर सरकवलं आणि दांडा हलला नाही. रिकाम्या काट्यासारखा. ती म्हणाली, पूर्ण. तिचे डोळे भरले होते.

टाळ्या. छतापर्यंत गेलो. त्यांनी हसत हसत खाली घेतलं.

आता खोलीत आहे. बाईनं पट्टा काढून नेला — घरी जायचं, आता कशाला बांधून घ्यायचं, म्हणाली. दोन्ही खिडक्या उघडून गेली. पाहुणे येणार, खोली हवेशीर हवी म्हणे. ओरडलो. आवाज — आवाजही —

पाय कॉटच्या दांड्याखाली अडकवले आहेत. डावा हात टेबलाच्या पायाला. उजव्यानं लिहितो. वही उडत नाही. वहीला वजन आहे.

गाडी थांबली. तिची गाडी आहे. दार आपटलं, दुसरं आपटलं. नातीचा आवाज — नातीला आणलं आहे —

जिन्यावर पावलं. धावत चढते आहे. लहानपणापासून अशीच, दोन-दोन पायऱ्या, आणि दार कधी हळू उघडत नाही, किती वेळा सांगितलं —

दार उघडलं की वारा सरळ खिडकीतून बाहेर —

हळू बाळ, दार अगदी हळू उघ